कुंडीतली तुराटी

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होते. वैशाखाचं ऊन, खाटेवर ओलं लुगडं पसरलेलं आणि माझे हात कोपरापर्यंत ज्वारीच्या घाट्यात. शेजारच्या काकूंचा भाचा धुळ्याच्या एसटीवर कंडक्टर आहे. तो खांद्यावरची चामड्याची पिशवी न उतरवता थेट आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आधी पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि मग म्हणाला, ‘‘अक्का, धुळ्याला चला. भाऊ गेले.’’ सकाळी कचेरीत जायला म्हणून भाऊने वहाणा पायात घातल्या, छातीला हात लावून उंबऱ्यावर बसला आणि तिथेच संपला. चाळिशी नुकती ओलांडली होती... अशा वेळी मनात काय येईल त्याचा काही नेम नसतो. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आज झाडाला पाणी घातलं असेल का कोणी? रडू त्याच्यानंतर आलं. ते बिबडे पुढे शेजारणींनी वाळवून डब्यात भरून ठेवले, पण आमच्या घरात अजून कोणाच्या घशाखाली उतरलेले नाहीत.

भाऊ काही मोठा माणूस नव्हता. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून, त्याआधी पलटणीत रसदखात्याचा हवालदार. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्याच्यावर लिहावं असं त्याने काही केलं नाही. भाषण केलं नाही, निवडणुकीला उभा राहिला नाही. त्याने फक्त एक झाड केलं. ‘लावलं’ म्हणत नाही मी, ‘केलं’ म्हणते, कारण तोच तसं म्हणायचा. मी त्याची धाकटी बहीण, पण तोंडाने थोरली. आयुष्यभर त्या झाडावरून त्याची टिंगल केली आणि तो आयुष्यभर हसत राहिला. आता टिंगल करायला माणूस नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी दिवाळीनंतर तो जपानहून परत आला. लढाई संपल्यावर आपल्या काही पलटणी तिकडे बंदोबस्ताला ठेवल्या होत्या, त्यात हा होता. आम्हाला वाटलं, परदेशातून येतोय, काहीतरी आणेल. मी रेशमाची वाट बघत होते. त्याने ट्रंक उघडली, तळातून एक मोजा काढला आणि त्या मोज्यातून मूठभर बिया ताटलीत ओतल्या. काळ्या, चपट्या, एका बाजूला पातळ पंख असलेल्या. माय म्हणाली, हे काय, भाजून खायचं? तिकडे छावणीच्या शेजारी एक म्हातारा राहायचा म्हणे. त्याचा मुलगा लढाईत गेला तो परत आला नव्हता. घर अर्धं जळलेलं, पण मागच्या अंगणात पाटावर उथळ कुंडीत एक झाड, हातभर उंचीचं, आणि ते त्याच्या आजोबाने सुरू केलेलं. भाऊ रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. ह्याला त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्याची. म्हातारा हात धरून दाखवायचा, हा बघायचा. निघताना म्हाताऱ्याने त्याच्या हातात बिया दिल्या आणि आपल्या छातीवर बोट ठेवून मान हलवली. भाऊने त्याचा अर्थ असा लावला, की माझ्याकडे आता पुढे देण्याजोगं कोणी नाही, तू घेऊन जा.

आपल्याकडे हिमालयात चीड असतो, त्याचा हा जपानी चुलतभाऊ. पाइन. बर्फातलं झाड आणि ते कुठे वाढवायचं, तर धुळ्याला! जिथे चैत्रापासून कावळासुद्धा दुपारी चोच उघडी टाकून बसतो. मी म्हटलं, भाऊ, तू तिकडून अक्कल तेवढी आणायला विसरलास. तो म्हणाला, म्हाताऱ्याच्या गावातही उन्हाळा मोठा असतो, हे झाड समुद्रकाठचं आहे, वारा-ऊन खातं, फक्त पाय भिजलेले त्याला चालत नाहीत. पौषातल्या थंडीत त्याने पांझरेची जाड वाळू आणून, तीत विटांचा चुरा कालवून, फुटक्या माठाच्या बुडात बिया पेरल्या. फाल्गुनात त्यातल्या काही उगवल्या. डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं घेऊन आणि टोपीखाली हिरव्या सुयांचा झुबका. आम्ही सगळे वाकून बघत होतो. माय तर म्हणाली, नवरदेव दिसतात. रोपं करंगळीएवढी झाली आणि या बाबाने पाती घेऊन त्यांची खालची सोटमुळं कापली. का, तर बाजूची मुळं पसरून फुटावीत म्हणून. ते बघून मायने डोळे मिटून घेतले. दोन उन्हाळे गेले तेव्हा दोन रोपं हाताशी उरली.

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. इंदूवहिनी चाळीसगावच्या. फार कमी बोलणाऱ्या. त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं, की ह्या घरात आपल्याआधी दोघं आलेली आहेत. उन्हाळ्यात नवरा कचेरीतून दुपारी धावत घरी यायचा तो जेवायला नाही, कुंड्यांभोवतीचं गोणपाट ओलं करायला आणि तट्ट्याची सावली सरकवायला. दुसरी कोणी असती तर माहेरी निघून गेली असती. वहिनींनी काही दिवसांनी गोणपाट ओलं करायचं काम स्वतःकडे घेतलं. कुंडीत मात्र पाणी घालायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. कुंडीत पाणी कधी घालायचं हे तो एका तुराटीवर ठरवायचा. तुरीच्या वाळक्या काटकीचा वीतभर तुकडा मातीत खुपसून ठेवलेला असे. रोज सकाळी तो काढायचा आणि खालच्या ओठाला लावायचा. तुराटी गार लागली, तर पाणी नाही. कोरडी लागली, तर पाणी, भरपूर, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत. म्हाताऱ्याने त्याला हाच धडा पुन्हा पुन्हा दिला होता. तार, कात्री, सगळं नंतरचं. आधी पाणी न घालायला शिक. मी विचारायची, अरे, झाडाची तहान तुझ्या ओठांना कशी कळते? तो म्हणायचा, तुझ्या हाताला भाकरी झाल्याचं कळतं ना, तसं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी तारा आल्या. सोनगीरला तांबट आहेत. भाऊ हायवेने एसटीत बसून तिथे जायचा आणि तांब्याची तार ओढून घ्यायचा. घरी आणून ती गोवऱ्यांच्या आचेत लाल करायची म्हणजे मऊ पडते. मग खोडाला खालून वर तिरके वेढे द्यायचे, अंतर सारखं, आणि दोन्ही अंगठे लावून खोड हळूहळू वाकवायचं. एका दमात नाही. आज थोडं, पंधरा दिवसांनी आणखी थोडं. मोडलेल्या हाताला फळ्या बांधतात तसं ते दिसे. पावसाळ्यापूर्वी सगळ्या तारा कापून काढायच्या, नाहीतर झाड फुगतं आणि तार सालीत रुतते. तिचा वळ जन्मभर जात नाही. खोड जाड व्हावं म्हणून वरची एक फांदी त्याने मुद्दाम मोकाट सोडली होती. ती भिंतीच्या वर गेली. मी एकदा आले तेव्हा म्हटलं, आता कुठे झाड दिसायला लागलंय! तो म्हणाला, ही कापायची आहे. हिचं काम खोडाला जाड करायचं, ते झालं की हिला जायचंय. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मला राग आला. ती फांदी त्याने थंडीत खरंच करवतीने उतरवली आणि जखमेवर शेण-माती लावली. तिचा वण बुंध्यावर अजून दिसतो, रुपयाएवढा.

पण मधे जे झालं ते सांगायचं राहिलं. वहिनींचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. मुलगा होता. दुसऱ्या खेपेला दिवस भरलेच नाहीत. त्यानंतर काही राहिलं नाही. आमची माय चोपड्याकडची, तापीकाठच्या गावची. वडील लवकर गेले, काकांच्या बरोबरीने केळीच्या बागा तिने राखल्या. तिच्या जगात झाड म्हणजे वाढणारं. केळीला पाट सोडला की रात्रीतून पान उलगडतं, हे तिने जन्मभर पाहिलेलं. लेकाच्या अंगणात मात्र चार-पाच वर्षांची झाडं गुडघ्यालाही लागत नव्हती, वर तारांनी बांधलेली, मुळं कापलेली. गावातल्या बायकांनी तिच्या मनात भरवून दिलं आणि तिलाही पटलं, की ज्या घरात झाडाची वाढ खुंटवतात त्या घराचा वंश खुंटतो. ते ती एकदा धुळ्याला येऊन सगळ्यांसमोर बोलली. मी होते तिथे. भाऊ खाली मान घालून सुया निवडत बसला. बोलल्या त्या वहिनी. त्या म्हणाल्या, ‘‘आत्याबाई, झाडांना बोलू नका. मला बोला.’’ माय उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

त्याच हिवाळ्यात भाऊ कचेरीच्या कामाने सातपुड्याच्या बाजूला फिरतीवर गेला होता. वहिनी माहेरी. माय धुळ्याच्या घरी एकटी. तिने काय करावं? दोन कुंड्यांतली जी थोडी थोराड होती ती घेतली, काकांना मदतीला बोलावलं होतं, आणि झाड एसटीने गावी नेलं. केळीच्या बागेच्या कडेला, पाटाच्या तोंडाशी, खड्डा करून त्यात दोन टोपल्या शेणखत घातलं. झाडाच्या साऱ्या तारा सोडवल्या. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लेकरू सासरी घालवावं तसं ते झाड जमिनीत घातलं. म्हणाली, जा, मोकळं हो आता, आणि माझ्या सुनेची कूस उघड. हे मला काकूने सांगितलं. मी सांगते तुम्हाला, तिने ते रागाने केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तिने ते मायेने केलं. केळीवाल्या बाईने मायेने जे करायचं ते सगळं त्या झाडाला केलं, खत घातलं आणि पोटभर पाणी पाजलं.

भाऊला कळल्यावर तो गेला नाही लगेच. मला म्हणाला, उकरून परत आणलं तर माय समजेल, मी तिच्यावर रागावलो. बघू, कदाचित धरेल. त्याला ठाऊक होतं धरणार नाही. होळीच्या सुमारास सुया पिवळ्या पडल्या तेव्हा तो गावी गेला, मीही गेले होते. त्याने झाड उपटलं, त्याला जोरच लावावा लागला नाही. मुळं काळी, मऊ, हातात घेतली की साल सुटून येत होती. मी आयुष्यात कधी त्याच्या चेहऱ्याकडे इतकं बघितलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी म्हटलं, थांब, आज मी मायला सांगतेच, की तुझ्या पाण्याने मेलं ते. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘‘कमळे, तिला हे कधी सांगायचं नाही. माझी शपथ.’’ आणि घरी जाऊन मायला त्याने सांगितलं, की इथली हवा मानवली नाही त्याला, ते थंड मुलखाचं, जायचंच होतं, तू त्रास करून घेऊ नकोस. मायने ‘हां’ म्हटलं. तिने त्याला जेवायला वाढलं, तो जेवला. शपथ घातलेली, म्हणून मी दातांखाली जीभ धरून राहिले, आणि मला ते जमतं असं नाही.

त्यानंतर एकच झाड राहिलं. भाऊचं सगळं आयुष्य त्या एका कुंडीभोवती फिरायला लागलं. धुळ्यातल्या एका कुंभाराकडून त्याने परातीसारखी उथळ कुंडी करून घेतली. कुंभार हसला, म्हणाला, साहेब, झाडाला ताटात वाढता काय? ज्येष्ठात नव्या फुटीच्या पांढुरक्या मेणबत्त्या वर आल्या, की त्या खुडायच्या. कार्तिकात जुन्या सुया एकेक करून ओढायच्या. जिथे मोकळं ठेवायचं तिथे मोकळं. हळूहळू त्या झाडाला साल आली, भेगाळलेली, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखी. एकदा मी दुपारी ओसरीत आडवी झाले होते आणि अर्धवट झोपेत मला ते झाड डोंगरावर उभं असल्यासारखं, फार लांबून दिसल्यासारखं दिसलं. मी हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता. लोक बघायला यायचे, ‘बुटकं सुरूचं झाड’ म्हणायचे. कचेरीतले साहेबही येऊन गेले. मूल नसलेल्या माणसाने एवढ्याशा झाडाचं इतकं करावं, याची लोक कीव करायचे. कीव केलेली भाऊला कळत असे. वहिनींना जास्त कळत असे.

माय वर्षातून एकदा, केळीचा घड उतरला की, धुळ्याला येऊन महिनाभर राहायची. झाडाकडे बघायची नाही. अंगणात बसायची ती झाडाकडे पाठ करून. निदान मला तसं वाटायचं.

या संक्रांतीला मी शेवटची गेले. भाऊ बारीक झाला होता, जिना चढताना थांबत होता, पण विचारलं की ‘उन्हाचं आहे’ म्हणायचा. जानेवारीत कसलं ऊन? मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण भाऊ जाईल हे कोणाच्या मनात येतं? आम्ही अंगणात तीळगूळ खात बसलो होतो. तो झाडाकडे बघत म्हणाला, ‘‘सुरू करणाऱ्याला हे झाड पुरं झालेलं दिसत नाही. मला माहीत होतं. पण त्या म्हाताऱ्यासारखंच माझंही होईल, पुढे द्यायला कोणी नसेल, ते नव्हतं माहीत.’’ मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे नको बघूस, माझ्या घरी तुळससुद्धा माझ्या सासूच्या पुण्याईवर जगते. तो हसला. वहिनी आत भांडी घासत होत्या, त्या आवाज न करता घासायला लागल्या. मला आता कळतं की त्या ते सगळं ऐकत होत्या.

तर वैशाखात आम्ही धुळ्याला पोचलो. भाऊला स्मशानात नेलं. संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मी मागच्या अंगणात गेले तर कुंडीभोवतीचं गोणपाट खडखडीत वाळलेलं. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांना जाऊन झाडाचं विचारायची माझी छाती झाली नाही. माय दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर आली. ती रडली नाही. ओसरीतून चालत थेट मागे गेली आणि झाडाच्या शेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं, जाऊ दे, बसू दे, लेकाच्या हातचं आहे. ती उठेचना. जेवायला म्हटलं, तिथेच ताट आणा म्हणाली. ऊन आलं तर तट्टा ओढून घ्यायची. सुतकाचं घर, भेटायला येणाऱ्यांची रीघ, प्रत्येक जण मागच्या दारी पाय धुणार, चूळ भरणार. आणि आपल्याकडच्या बायकांचं तुम्हाला माहीतच आहे. तांब्यात राहिलेलं पाणी कधी मातीत फेकणार नाहीत. झाड दिसलं की झाडाच्या बुडाशी ओतणार. पुण्य लागतं. तेवढ्या माणसांचं पुण्य त्या ताटाएवढ्या कुंडीत गेलं असतं तर काय झालं असतं ते मला त्या वेळी सुचलंही नाही.

तिसऱ्या दिवशी एरंडोलची आमची मावशी भेटायला आली. पाय धुतले, आणि रडत रडतच उरलेला तांब्या कुंडीवर कलता केला. मायने तिचं मनगट धरलं. माय म्हणाली, ‘‘पानी नका टाकू. पानी पीसन मरस हाई झाड. एक मी मारं. हाई नका मारू.’’

मी दारात उभी होते. पाणी पिऊन मरतं, एक मी मारलं, हे माय बोलली होती. मावशीला काही कळलं नाही, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं, ती पदराने डोळे पुसत आत गेली. मी मायजवळ बसले. तिला विचारलं, माय, तुला कोणी सांगितलं? भाऊ तर... ती मान हलवायला लागली. भाऊने काही सांगितलं नव्हतं. त्याने हवेचं सांगितलं तेव्हा तिने ‘हां’ म्हटलं होतं. पण तो जेवत असताना ती बागेत जाऊन उपटून टाकलेलं झाड बघून आली होती. ‘‘मी केळीवाली शे ना. सडेल मुळी माले नही समजाव?’’ केळीच्या बागेत जन्म गेलेल्या बाईला सडलेलं मूळ ओळखता येणार नाही, असं आम्हाला वाटलं तरी कसं? भाऊ तिला कळू नये म्हणून खोटं बोलला, आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये म्हणून ही सात वर्षं गप्प राहिली. दोघं एकमेकांना जपत राहिले आणि मधे मी, दातांखाली जीभ धरून, मायवर मनातल्या मनात रागावत. भाऊ असता तर मी दोघांना समोरासमोर बसवून चांगलं झापलं असतं. आता कोणाला झापू?

तेरावं झालं. वहिनींचे भाऊ त्यांना चाळीसगावला न्यायला आले होते. भाड्याचं घर, ते सोडायचं होतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं, की झाड एखाद्या देवळात देऊन टाकावं. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, मला ते रोज बघवणार नाही, आणि टाकवणारही नाही. मग त्या उठल्या, फळीवरची भाऊची छोटी कात्री, पक्कड आणि उरलेली तांब्याची तार एका पंच्यात बांधली आणि ते गाठोडं मायच्या मांडीवर ठेवलं. ‘‘आत्याबाई, तुम्हीच न्या.’’ एवढंच म्हणाल्या. मायने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. त्या दोघी रडल्या, वहिनी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा एकत्र रडल्या असतील. वाईट ह्याचं वाटतं, की ते बघायला भाऊ नव्हता.

एसटीत माय कुंडी मांडीवर घेऊन बसली. माझ्याकडे द्यायला तयार नाही. पारोळ्याला एकाने विचारलं, आजी, कसलं झाड? ती म्हणाली, मना पोऱ्यानं, म्हणजे माझ्या लेकाचं. गावी ते झाड न्यायचं नाही, हे तिनेच ठरवलं. तिथे पाट आहे, केळी आहे, प्रत्येकाचा हात पाण्याला सैल. म्हणून ती आता माझ्याकडे जळगावला राहते. झाड आमच्या मागच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीला, दगडावर आहे. ज्येष्ठ लागला, नव्या मेणबत्त्या वर आल्या. कात्रीचं गाठोडं अजून सोडलेलं नाही. ह्या वर्षी त्या खुडाव्यात की नाही हे आम्हा दोघींनाही माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं त्याला विचारता येत नाही. झाड जगेल का? मला सांगता येत नाही. चार-दोन सुयांची टोकं तांबूस झालीत. मी ते मायला दाखवलेलं नाही. तिनेही मला दाखवलेलं नाही.

कुंडीत तुराटी तीच आहे, भाऊने शेवटची खुपसलेली, वरच्या टोकाला त्याच्या बोटांनी काळी पडलेली. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी माय अंगणात जाते. वाकते, तुराटी ओढून काढते आणि खालच्या ओठाला लावून उभी राहते. अगदी तशीच, मान जराशी डावीकडे कलती करून. पाठ करून बसायची असं मी म्हणत होते ना, ती सगळं बघत होती. पण तिचा स्वतःवर विश्वास नाही. ती मला हाक मारते, तुराटी माझ्यापुढे धरते आणि विचारते, ‘‘तू पाह्य बरं. कोरडी शे का?’’

मी ओठाला लावते. कोरडी असली तर तसं सांगते. मग ती तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी घालायला लागते, आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघते.